ब्रुक्स यांचे स्मरण एका नियमापुरते नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे लावली, तर त्याला आणखी उशीर होतो. हिंजवडीपासून सीप्झपर्यंत जिथे जिथे सॉफ्टवेअर लिहिले जाते, तिथे हे वाक्य कधी ना कधी कुणाच्या तरी तोंडून ऐकू येतेच, आणि ते ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखले जाते, एवढेही अनेकांना ठाऊक असते. ज्यांचे नाव या नियमाला लाभले, ते अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक फिलिप्स ब्रुक्स १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल या गावी, वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार माझ्या वाचनात आले, ते या नियमाभोवती आणि आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीच्या एका यंत्राभोवतीच फिरणारे होते. घराचा आणि चर्चचा उल्लेख आलाच तर अगदी अखेरीस, ‘त्यांच्या पश्चात अमुक परिवार आहे’ असे आपण उपचारापुरते लिहितो तसा.

संगणकाच्या व्यवसायात उमेदीची वर्षे घालवलेला आणि मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेला वाचक म्हणून मला असे वाटते की, ब्रुक्स यांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी आहे. त्यांचे घर, त्यांची उपासना आणि त्यांची यंत्रे असे तीन वेगळे कप्पे त्यांच्या आयुष्यात नव्हते. आपल्या हातातले दुसऱ्याच्या उपयोगी पडावे आणि त्यासाठी गरज पडेल तेव्हा आपला अधिकार, आपली कल्पना, आपला मोठेपणा बाजूला ठेवावा, ही एकच वृत्ती तिन्ही ठिकाणी दिसते. ती कशी, हे थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

ब्रुक्स यांचा जन्म १९ एप्रिल १९३१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे झाला आणि ते त्याच राज्यातील ग्रीनव्हिल या गावी, एका डॉक्टरांच्या घरात वाढले. मुलगा नकाशे जमवायचा, आणि जमवलेल्या नकाशांतून हवा तो चटकन सापडावा म्हणून सूची करण्याच्या नाना युक्त्या लढवायचा. १९४४ मध्ये, तेराव्या वर्षी, हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या महाकाय गणनयंत्राविषयी एका साप्ताहिकात त्यांच्या वाचनात आले आणि आपल्याला पुढे काय करायचे आहे हे त्यांनी तिथेच ठरवले. ड्यूक विद्यापीठातून १९५३ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले, ते थेट त्या ‘मार्क वन’च्या निर्मात्याकडे, म्हणजे हॉवर्ड एकन यांच्याकडे. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. याच हार्वर्डच्या वर्षांत त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा समजून उमजून स्वीकारली. जन्माने लाभलेला धर्म आणि प्रौढपणी विचारपूर्वक पत्करलेली श्रद्धा यांत आमच्या मंडळ्यांतही फरक मानतात. ब्रुक्स यांची श्रद्धा दुसऱ्या प्रकारची होती, आणि ती त्यांना पुढची जवळजवळ सत्तर वर्षे पुरली. डॉक्टरेटच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि ते आयबीएममध्ये रुजू झाले.

आयबीएममधील पहिली वर्षे ‘स्ट्रेच’ आणि ‘हार्वेस्ट’ या दोन यंत्रांच्या रचनेत गेली. इमारतीच्या वास्तुरचनेसारखी संगणकाचीही वास्तुरचना असते, म्हणजे वापरणाऱ्याला यंत्र कसे दिसावे याचा आराखडा ते आतून कसे बांधले आहे यापासून वेगळा ठेवता येतो, ही आज प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाणारी कल्पना त्याच काळात त्यांच्या लेखनातून रुळली. त्यानंतरचा प्रसंग मात्र मला यंत्रांहून अधिक मोलाचा वाटतो. ब्रुक्स ‘८०००’ नावाच्या नव्या यंत्रमालिकेवर काम करत असताना कंपनीने बॉब इव्हान्स यांना वरिष्ठ म्हणून आणले. इव्हान्स यांना ती मालिका पसंत नव्हती. कंपनीतील एकमेकांशी न जुळणाऱ्या साऱ्या यंत्रांची जागा घेईल असे एकच घराणे त्यांना उभारायचे होते. ब्रुक्स आपल्या मालिकेसाठी कित्येक महिने कंपनीत त्यांच्याशी झुंजले आणि हरले. त्यानंतर इव्हान्स यांनी नव्या घराण्याचे नेतृत्व ज्याच्या हाती दिले, तो हाच हरलेला प्रतिस्पर्धी होता. ब्रुक्स यांना स्वतःलाही त्याचे अपार नवल वाटले. पुढे १९७५ मध्ये आपले सर्वांत गाजलेले पुस्तक त्यांनी ज्या दोघांना अर्पण केले, त्यांपैकी एक इव्हान्स आहेत. व्यावसायिक भांडणाचा असा शेवट आपल्याकडे किती वेळा पाहायला मिळतो, याचा विचार वाचकांनी स्वतःच्या कार्यालयापुरता करून पाहावा.

ते घराणे म्हणजे ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेले ‘सिस्टिम ३६०’. एका दिवशी सहा लहानमोठी यंत्रे जाहीर झाली, आणि त्यांपैकी सर्वांत लहान यंत्रासाठी लिहिलेले सॉफ्टवेअर मोठ्या यंत्रावरही चालेल अशी हमी देण्यात आली. तोवर ग्राहकाने मोठे यंत्र घेतले की जुने सारे काम नव्याने लिहावे लागे. या रचनेतील एक निर्णय आजही आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. त्या काळी बहुतेक यंत्रांत एक अक्षर सहा बिटांत (शून्य किंवा एक अशा सहा खुणांत) साठवत, म्हणजे जेमतेम ६४ चिन्हे मिळत. त्यांत इंग्रजीची मोठी लिपी, अंक आणि काही विरामचिन्हे मावत, लहान लिपीला जागाच उरत नसे. बाइट, म्हणजे एका अक्षराला दिलेली जागा, सहा बिटांचा ठेवावा की आठ, यावर ब्रुक्स यांच्या सहकाऱ्यांत तीव्र मतभेद होते, कारण आठ बिटांना महागडी स्मृती अधिक लागणार होती. ब्रुक्स यांनी आठच्या बाजूने कौल दिला. आपण घेतलेल्या निर्णयांत हाच सर्वांत महत्त्वाचा, असे ते उतारवयातही सांगत.

त्या क्षणी त्यांच्या मनात देवनागरी नव्हती, तिचे श्रेय त्यांना देण्याचा अट्टहास मी करणार नाही. पण आठ बिटांच्या बाइटमुळे २५६ चिन्हांची जागा झाली, आणि १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने त्यातील वरच्या निम्म्या भागात भारतीय लिपी बसवल्या. आपल्या पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे संगणकावर मराठी रुजवली, तीही याच पायावर. आज युनिकोड या जगभरच्या लिपींसाठीच्या मानकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह असे तीन बाइट व्यापते. प्रस्तुत पत्रसुद्धा तसेच साठवले जाईल.

यंत्रे यशस्वी झाली. त्यांच्यासाठी लिहायची कार्यप्रणाली (यंत्राचा कारभार चालवणारे मूळ सॉफ्टवेअर), ‘ओएस ३६०’, मात्र लांबली, फुगली आणि अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडली. तिची धुरा १९६४-६५ मध्ये ब्रुक्स यांच्याकडे होती. आयबीएमचे प्रमुख टॉम वॉटसन (धाकटे) यांनी त्यांना विचारले की, यंत्रे बनवण्यापेक्षा सॉफ्टवेअर बनवण्याचे व्यवस्थापन इतके अवघड का असते. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला ब्रुक्स यांनी दहा वर्षे घेतली, आणि ते उत्तर म्हणजे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे १९७५ चे पुस्तक. एक माणूस दहा महिन्यांत करतो ते काम दहा माणसे एका महिन्यात करतील, हा हिशेब खंदक खणताना जमेल, पण सॉफ्टवेअरमध्ये जमत नाही. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की त्यांच्या आपसातील बोलण्याचे धागे त्याहून वेगाने वाढतात. मूल जन्माला यायला नऊ महिने लागतात, मग त्या कामाला कितीही स्त्रिया नेमा, असे त्यांनी तिथे लिहिले आहे. तेच आज आपल्याकडच्या बैठकांत हसत हसत उद्धृत होते आणि बैठक संपताच पुन्हा नवी माणसे मागवली जातात.

पुस्तकातील एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. ‘ओएस ३६०’ची बाह्य रूपरेषा, म्हणजे ती वापरणाऱ्याला कशी दिसावी याचे वर्णन, कुणी लिहायची, हा प्रश्न उभा राहिला. रचनेच्या प्रमुखाचे म्हणणे होते की, आपली दहा चांगली माणसे ती दहा महिन्यांत लिहितील. वेळापत्रकापेक्षा हे तीन महिने अधिक होते. प्रत्यक्ष बांधणीच्या प्रमुखाकडे दीडशे माणसे होती. ती नाहीतर रिकामी बसली असती, आणि हे काम आम्ही वेळेत करू असे त्याचे आश्वासन होते. त्यावर रचनेच्या प्रमुखाने बजावले की, तसे केल्यानेही तीन महिने वाचणार नाहीत आणि वर दर्जा घसरेल. ब्रुक्स यांनी दीडशे माणसांची बाजू घेतली. रचनेच्या प्रमुखाची दोन्ही भाकिते खरी ठरली, आणि रचनेतील एकसूत्रीपणा हरवल्याने दोषनिवारणाला सुमारे वर्षभर अधिक लागले असा ब्रुक्स यांचा स्वतःचा अंदाज आहे. हे सारे त्यांनी ‘मी चुकलो’ अशा स्वच्छ शब्दांत छापून ठेवले. व्यवस्थापनाची पुस्तके बहुधा लेखकाच्या विजयांची असतात, पण या पुस्तकाच्या मुळाशी लेखकाने दिलेली साक्ष आहे. ‘साक्ष’ हा आमच्या मंडळीतला रोजचा शब्द मी इथे जाणूनबुजून वापरतो. उपासनेत उभे राहून, आपण कुठे घसरलो आणि त्यातून काय उमगले, हे बंधुभगिनींसमोर सांगण्याची सवय असलेला माणूसच असे लिहू शकतो, असे मला मनापासून वाटते. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांच्याशी असलेल्या जुन्या मतभेदाविषयी त्यांनी पुन्हा तसेच लिहिले: मॉड्यूलचे, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका सुट्या भागाचे, अंतरंग इतरांपासून झाकून ठेवण्याबाबत पार्नास बरोबर होते आणि मी चूक होतो.

त्यांच्या श्रद्धेचा थेट आवाजही त्या पुस्तकात आहे. प्रोग्रॅम लिहिण्यात आनंद का वाटतो, हे सांगताना अगदी पहिल्याच प्रकरणात ते म्हणतात की, निर्मितीचा हा आनंद परमेश्वराला सृष्टी घडवताना होणाऱ्या आनंदाची प्रतिमा असला पाहिजे, आणि त्या आनंदाची खूण प्रत्येक पानाच्या व प्रत्येक हिमकणाच्या वेगळेपणात दिसते. आयबीएमच्या कार्यप्रणालीवरच्या पुस्तकात हे वाक्य आहे, आणि ते ओढूनताणून आणलेले वाटत नाही. आणखी पुढे, प्रणालीच्या रचनेत एकसूत्रीपणा का हवा हे पटवून देण्यासाठी ते फ्रान्समधील ऱ्हैम्सच्या कॅथेड्रलचे उदाहरण घेतात. अनेक पिढ्यांनी बांधलेल्या इतर कॅथेड्रलांत शैलींची सरमिसळ झालेली दिसते, पण ऱ्हैम्समध्ये मूळ आराखड्याची शुद्धता टिकली, कारण आठ पिढ्यांच्या कारागिरांनी आपापल्या काही कल्पना संपूर्ण वास्तूसाठी सोडून दिल्या. सोडून देण्याचा हा मुद्दा १९९५ च्या आवृत्तीत पुन्हा येतो. तिथे विषय अधिकार खाली सोपवण्याचा आहे, आणि आधार पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकातील तत्त्वाचा आहे: जे काम लहान, खालच्या पातळीवरचा समूह करू शकतो, ते वरच्याने आपल्याकडे ओढून घेऊ नये. एक मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा, माणूस संगणक-व्यवस्थापनाच्या पुस्तकात रोमच्या धर्मगुरूंचा दाखला देतो, हे पंथभेद कवटाळून बसणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांना विशेष वाचनीय आहे.

‘सिस्टिम ३६०’च्या यशानंतर आयबीएममध्ये त्यांना कुठपर्यंतही चढता आले असते. त्यांनी आपल्या राज्यात परत जाऊन नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६४ मध्ये संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला, अमेरिकेतील असा स्वतंत्र विभाग म्हणून तो अगदी सुरुवातीच्यांपैकी होता, आणि १९८४ पर्यंत वीस वर्षे त्याचे प्रमुखपद सांभाळले. ते अध्यापनात पुढेही राहिले आणि २०१५ मध्ये निवृत्त झाले.

तिथे त्यांनी संशोधनासाठी जे क्षेत्र निवडले, त्याची रीतच वेगळी होती. संगणकाने माणसाची बुद्धी वाढवता येते, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून कुणाची बुद्धी वाढवणे सर्वांत सार्थकी लागेल, याची त्यांनी विद्यापीठातच चौकशी केली आणि अखेर प्रथिनांच्या रेणूंचा अभ्यास करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञांना हाताशी धरले. रेणूंची त्रिमितीय रचना पडद्यावर फिरवून पाहता यावी, एवढ्यावर ते थांबले नाहीत. किरणोत्सारी द्रव्ये दुरून हाताळण्यासाठी बनवलेला यांत्रिक हात त्यांच्या गटाने संगणकाला जोडला, आणि औषधाचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसवताना होणारी ओढाताण शास्त्रज्ञाला स्वतःच्या हाताला जाणवेल अशी सोय केली. आजच्या आभासी वास्तवाच्या तंत्राचे हे पूर्वज. आपण वैज्ञानिक नसून अवजारे घडवणारे कारागीर आहोत, असे ब्रुक्स म्हणत. वैज्ञानिक अभ्यासासाठी घडवतो, अभियंता घडवण्यासाठी अभ्यास करतो, हा भेद त्यांचाच. तलवारीची मूठ रत्नजडित असो की पाते लखलखीत, तिची परीक्षा वारात होते, आणि ज्याची गिऱ्हाइके म्हातारपणाने मरतात तोच तलवार घडवणारा यशस्वी, असे त्यांनी लिहिले आहे. अवजाराचे यश वापरणाऱ्याच्या यशावरून मोजायचे असेल, तर घडवणाऱ्याला वापरणाऱ्याच्या शेजारी बसून त्याचे काम समजून घ्यावे लागते. ब्रुक्स यांचे विद्यार्थी तसेच करत.

इमारत बांधण्यापूर्वीच तिच्यात फिरून येता यावे, हाही त्यांच्या गटाचा मोठा प्रकल्प. सायकलचे हँडल लावलेल्या चालपट्टीवर माणूस चालायचा आणि समोरच्या चित्रात तो न बांधलेल्या इमारतीच्या दालनांतून पुढे सरकायचा. विभागासाठी होणाऱ्या नव्या इमारतीचे प्रवेशदालन अडचणीचे होणार, हे तिथे वावरणाऱ्यांना अशा फेरफटक्यात जाणवले आणि एक भिंत कागदावरच हलवण्यात आली. याच प्रकल्पाने ज्या वास्तूंच्या प्रतिकृती केल्या, त्यांत ब्रुक्स ज्या मंडळीचे सभासद होते त्या ऑरेंज युनायटेड मेथडिस्ट चर्चचे सभागृह होते, आणि ब्रुक्स यांचे राहते घरही होते. जगात आघाडीवर असलेल्या प्रयोगशाळेचे विषय असे गावातल्या मंडळीच्या बैठकीतून आणि घरातून येत होते.

घराचा उल्लेख निघाला म्हणून त्यांच्या २०१० च्या ‘द डिझाइन ऑफ डिझाइन’ या पुस्तकाविषयी लिहितो, कारण माझ्या मते या माणसाची खरी ओळख तिथे आहे. रचना कशी घडते, हे दाखवण्यासाठी त्यांनी पुस्तकात काही खरी उदाहरणे तपशिलाने उलगडली आहेत. त्यांत ‘सिस्टिम ३६०’ आहे, ‘ओएस ३६०’ आहे, आणि त्यांच्याच बरोबरीने कुटुंबाचे समुद्रकाठचे घर, राहत्या घराला जोडलेला नवा भाग आणि स्वयंपाकघराची नवी मांडणी आहे. अब्जावधी डॉलरच्या यंत्राचा आणि घरच्या स्वयंपाकघराचा विचार एकाच गांभीर्याने केलेला मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही.

राहत्या घराच्या नव्या भागाची कथा मोठी वाचण्याजोगी आहे. पत्नी व्हायोलिन शिकवत असत, त्यामुळे संगीताची खोली हवी होती, आणि तिच्यात पियानो व ऑर्गनबरोबर आठ वादकांना दाटीवाटी न होता बसता यायला हवे होते. शिवाय विद्यापीठातील पदव्युत्तर ख्रिस्ती विद्यार्थ्यांची साप्ताहिक सभा या दांपत्याच्या घरी भरायची, तेव्हा बैठकीची जागाही वाढवायची होती. आराखड्यावर आराखडे झाले तरी कुंपणापासून सोडायच्या अंतराच्या नियमात सारे काही बसेना. अखेर उत्तर कागदाबाहेर सापडले: शेजाऱ्याकडून जमिनीची एक अरुंद पट्टी विकत घेतली, आणि अडलेला आराखडा सुटला. पुढे, काम बरेच पुढे गेल्यावर, पत्नीने एका सभेच्या संध्याकाळची मनातल्या मनात उजळणी केली आणि विचारले की, आलेल्या पाहुण्यांनी आपले कोट ठेवायचे कुठे. थंडीच्या दिवसांत घरभर माणसे येणार, तर प्रश्न बिनतोड होता. त्या एका प्रश्नाने दांपत्याची निजण्याची खोली घराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. गरजा सुरुवातीलाच संपूर्ण लिहून काढता येत नाहीत, त्या रचना करता करता उमगत जातात, हा सिद्धान्त आपल्याकडे हजारो रुपये भरून प्रशिक्षणवर्गांत शिकतात. ब्रुक्स यांनी तो पाहुण्यांच्या कोटांवरून शिकवला, आणि तो कुणामुळे कळला हेही सांगितले.

मंडळीतील त्यांचे काम याच धाटणीचे होते. पत्नीसह त्यांनी अनेक वर्षे चर्चमध्ये प्रौढांचा संडे स्कूलचा वर्ग घेतला. आमच्या मंडळ्यांत हे काम कोण करतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची किंमत कळेल. त्याला पगार नाही, पद नाही, आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीच्या सकाळी वेळेवर हजर राहावे लागते, आणि आदल्या रात्री पवित्र शास्त्र उघडून तयारी करावी लागते. १९७३ मध्ये त्यांच्या परिसरात अमेरिकी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या सुवार्तासभा झाल्या, तेव्हा त्यांच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद ब्रुक्स यांच्याकडे होते. विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती मंडळ दोघांनी मिळून सांभाळले. पण आपल्या श्रद्धेची सक्ती त्यांनी व्यवसायातील पुस्तकांवर केली नाही. तिथे तर्क तर्काच्या बळावर उभा आहे, आणि ज्याला देवाधर्माशी देणेघेणे नाही असा वाचकही पानोपानी त्यांच्याशी सहमत होऊ शकतो. विज्ञान मानणाऱ्याने देव मानू नये किंवा देव मानणाऱ्याने विज्ञानाकडे संशयाने पाहावे, अशा दोन्ही टोकांच्या पत्रांनी आपले पत्रव्यवहाराचे सदर अधूनमधून भरते, म्हणून हे आवर्जून नोंदवतो.

मानसन्मान थोडक्यात सांगतो, कारण ते कुठेही सापडतील. १९८५ मध्ये इव्हान्स आणि एरिक ब्लॉक यांच्यासमवेत त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १९९९ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान, संगणकाची वास्तुरचना, कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या तिन्हींतील कार्यासाठी होता. विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या एका इमारतीला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या १९८६ च्या एका निबंधाविषयी मात्र दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण आजच्या घडीला तो पुन्हा वाचण्याची गरज आहे. सॉफ्टवेअरमधील अडचणी दोन प्रकारच्या असतात, असे त्यांनी त्यात मांडले. काही अडचणी अवजारांच्या अपुरेपणातून येतात आणि अवजारे सुधारली की त्या कमी होतात. काही प्रश्नाच्या गाभ्यातच असतात: नेमके काय हवे आहे हे ठरवणे, एकमेकांत गुंतलेल्या शेकडो नियमांचा मेळ घालणे, बदलत्या व्यवहारासोबत बदलत राहणे. या दुसऱ्या प्रकारावर एका तडाख्यात मात करील अशी जादूची गोळी पुढच्या दहा वर्षांत सापडणार नाही, असे त्यांनी बजावले होते. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता माणसांची गरजच संपेल, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. ब्रुक्स यांनी नव्या अवजारांचे स्वागतच केले असते, कारण अवजारे घडवण्यातच त्यांचे आयुष्य गेले. पण ज्यांना काय हवे आहे हे अजून ठरवता आलेले नाही, त्यांच्यासाठी ते कोण ठरवणार, हा त्यांचा प्रश्न अवजार बदलल्याने सुटत नाही. पाहुण्यांचे कोट कुठे ठेवायचे, हे शेवटी त्या घरात राहणाऱ्या आणि पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या व्यक्तीलाच सुचले होते.

संपादक महोदय, आपल्या राज्यात लक्षावधी तरुण या व्यवसायात आहेत. रात्री अपरात्री चालणाऱ्या परदेशी बैठका, सुट्टीच्या दिवशी वाजणारे फोन आणि जेवणाच्या ताटावरून उठवणारी तातडीची कामे यांत त्यांची घरे अक्षरशः पोळून निघत आहेत. घर आणि उपासना ही कामातून उरलेल्या वेळेची गोष्ट आहे, असे त्यांना कुणी उघडपणे शिकवत नाही, पण दिवसाची वाटणी तेच शिकवते. हे सारे अटळ आहे, असे सांगणाऱ्यांना ब्रुक्स यांचे उदाहरण दाखवावे असे मला फार वाटते. घाईच्या प्रकल्पाची सर्वांत कठोर बाजू त्यांनी स्वतः अंगावर घेतली होती, आणि तरीही दर आठवड्याला त्यांच्या घराचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडे होते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की, येत्या १७ नोव्हेंबरच्या आसपास आपल्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, आणि त्यात यंत्रांइतकीच जागा त्या घराला, त्या संगीताच्या खोलीला आणि संडे स्कूलच्या वर्गाला मिळावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांत सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही या पत्राच्या निमित्ताने एक विनंती करतो. ब्रुक्सचा नियम फळ्यावर लिहून पुढे जाण्याऐवजी, दहा माणसे आणि दीडशे माणसे यांच्यातील तो निर्णय एकदा वर्गात वाचून दाखवावा, आणि मुलांना विचारावे की त्या खुर्चीत ती असती, तर त्यांनी कुणाचे ऐकले असते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक अभियंता, पुणे